बिनलोखंडाचं छत

माझ्या कामात खोटी वेळ सांगावी लागते. मी छोट्या सहलींची गाइड आहे. आठ पाहुणे, एक गाडी, एक दिवस. सकाळी जुन्या तटबंदीचं गाव, मग कड्यावरून समुद्र, आणि शेवटी बेटावरचा मठ. मठाकडे जायला पूल नाही. ओहोटीला चार तास समुद्रातून एक फरसबंद वाट वर येते, तिच्यावरून चालत जायचं आणि ती बुडायच्या आत चालत परत यायचं. आता पाहुणे म्हणजे काय, हातात घड्याळ आणि डोक्यात सुट्टी. सव्वादोनला दरवाजाशी या म्हटलं की पावणेतीनला येणार, आणि वर "जरा फोटो काढत होतो" म्हणणार. म्हणून मी त्यांना पावणेदोन सांगते. सतरा वर्षं सांगत आले. सतरा वर्षांत माझा एकही पाहुणा बेटावर अडकलेला नाही, आणि चार माणसं जमली की हे मी एकदा तरी ऐकवतेच.

हे गुपित मला आणि भाऊजींनाच माहीत. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, गाडी तेच चालवतात. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही.

त्या दिवशीच्या आठांत एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई होत्या, एक नवं जोडपं होतं, दोन बहिणी होत्या. मास्तर कोणत्या जातीचे पाहुणे ते मला गाडीतच कळलं. मी सन सांगितलं की ते वहीत बघून मान हलवायचे. म्हणजे माझीच परीक्षा. आणि पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ, शहात्तर वर्षांचे, सोबत पंचेचाळिशीची मुलगी. म्हाताऱ्यांचे हात बघितले आणि कळलं, हे हात दगडावर चाललेत. बोटं जाड, अंगठ्याचं नख कधीतरी चेचलेलं, कायमचं काळं. चोपन्न वर्षं पाथरवटाचं काम केलं, असं मुलीनं सांगितलं.

मला मात्र त्यांचा रागच आला. मी बोलत असताना ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. मी डावीकडे उभी असले की ते उजवीकडच्या खिडकीकडे तोंड करायचे. म्हटलं, ठीक आहे, पैसे भरलेत, कुठेही बघा. तटबंदीच्या गावात सगळे बुरुजावर चढले तर हे खाली भिंतीला हात लावून चालत राहिले. चालता चालता एकदम थांबून म्हणाले, "बाई, मठातल्या त्या सपाट छतात लोखंड आहे का हो?"

"नाही, काका. नुसता दगड. आठशे वर्षं उभं आहे."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"तुम्ही वरून पाहिलंय?"

"वरच्या खोलीत कुणाला सोडत नाहीत."

"मग तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षांत असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. आणि राग जास्त ह्याचा, की म्हणणं खरं होतं.

कड्यावर पोचल्यावर सगळे गप्प झाले, कारण तिथे दुसरं काही करताच येत नाही. पायाखाली दोनशे फूट सरळ काळा खडक, खाली हिरवं पाणी, आणि लांब धुक्यातून डोकं काढलेला मठ. त्या बहिणींपैकी थोरली नुसती "अगं बाई, अगं बाई" म्हणत राहिली. मीही दरवेळी तिथे दोन मिनिटं गप्प बसते, आणि ते काही धंद्याचं नाटक नाही.

तेवढ्यात मुलगी माझ्या शेजारी आली. हळूच म्हणाली, "ताई, अप्पांचं मनावर घेऊ नका. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. ज्याच्याकडे बघतात तेच दिसत नाही, बाजूचं तेवढं दिसतं. तुम्हाला बघायचं म्हणून ते खिडकीकडे बघत होते."

मला काय वाटलं ते सांगायलाही लाज वाटते.

"उरलंय तेही किती टिकेल, डॉक्टर सांगत नाहीत," ती म्हणाली. "त्यांना फक्त ते छत बघायचंय. माझ्या आजोबांशी त्यावरून त्यांचं काहीतरी वाजलं होतं, खूप जुनं. मला नीट सांगत नाहीत. पण गेले दोन महिने तेच एक चाललंय, लोखंड आहे की नाही."

वाटेच्या तोंडाशी गाडी थांबली. भाऊजींनी अप्पांना हात धरून उतरवलं, आणि ते दोघं बापलेक हळूहळू मागून येऊ लागले. मी बाकीच्यांना घेऊन पुढे गेले. वाटेच्या सुरुवातीला भरती-ओहोटीच्या वेळांची पाटी आहे. मी नेहमीसारखं म्हटलं, "पावणेदोनला मठाच्या मोठ्या दरवाजाशी जमायचं."

मास्तरांनी पाटी वाचली. वही काढली. "वाट पावणेतीनला बुडते असं इथे लिहिलंय. चालायला वीस मिनिटं. मग पावणेदोन कशाला? आम्ही पूर्ण दिवसाचे पैसे दिलेत ना?"

मी म्हटलं, सुरक्षिततेसाठी. ते म्हणाले, सुरक्षिततेचा हिशेब मला समजतो, मी तीस वर्षं गणित शिकवलंय. ते नवं जोडपंही माझ्याकडे बघायला लागलं. मग माझं डोकं फिरलं. "बरं! सव्वादोन! ही खरी वेळ. एक मिनिट उशीर झाला तर मी कुणासाठी थांबणार नाही."

तेवढ्यात अप्पा आणि मुलगी येऊन पोचले. "सव्वादोनला दरवाजाशी," मी त्यांनाही सांगितलं. मुलीनं मान हलवली आणि का कोण जाणे, हसली. तिच्या हसण्याचा अर्थ मला दोन तासांनी कळला.

त्या वाटेवरून चालताना दोन्ही बाजूंना ओला समुद्रतळ उघडा पडलेला असतो. शेवाळ, शिंपले, डबक्यात अडकलेले मासे. आपण जिथून चालतो तिथे थोड्या वेळापूर्वी दोन पुरुष पाणी होतं, हे पायांना कळत असतं. माणसं तिथे आपोआप हळू बोलतात. मास्तरसुद्धा हळू बोलले.

मठाचं सभागृह बारा पावलं लांब आणि बारा पावलं रुंद आहे. मध्ये खांब नाही, कमान नाही, तुळई नाही. वर सरळ, सपाट दगडी छत, पाटावर हात फिरवावा इतकं सपाट. हातभर लांबरुंद चौकोनी चिरे, एकाला एक लागून. मी माझं भाषण केलं: आठशे वर्षं, चुना नाही, लोखंड नाही. लोखंड म्हणताना जीभ जरा अडखळली. सगळ्यांनी माना वर केल्या, "बापरे" म्हणाले, फोटो काढले आणि चार मिनिटांत बाहेर पडले. अप्पा तेवढे राहिले. मुलीनं आपली शाल जमिनीवर पसरली आणि ते सभागृहाच्या मधोमध उताणे झोपले.

सव्वादोनला दरवाजाशी सहा डोकी होती. मी दोनदा मोजली. मास्तर घड्याळ बघत म्हणाले, "आम्ही वेळेवर आहोत."

मी धावत सुटले. एकशे चौदा पायऱ्या आहेत, आणि मी पंच्याहत्तर किलोची बाई. वर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. अप्पा तसेच उताणे, मुलगी शेजारी भिंतीला टेकून शांत बसलेली.

"अहो, सव्वादोन वाजून गेले!"

"हो, पण अजून अर्धा तास आहे ना?" ती निरागसपणे म्हणाली. "ड्रायव्हरदादांनी सांगितलं, वहिनी सांगतात त्यात अर्धा तास मिळवायचा. म्हणाले, अप्पांना घाई करू नका."

ज्या एका दिवशी मी खरं बोलले, त्याच दिवशी बुडाले.

मी मनात हिशेब केला. मला वीस मिनिटं लागतात, अप्पांना येताना चाळीस लागली होती. पायऱ्या वेगळ्या. म्हणजे अर्ध्या वाटेवर गुडघाभर पाणी, आणि ते पाणी ओढतं. मी खिडकीतून ओरडून मास्तरांना सांगितलं, "मास्तर, पाच जण तुमच्या ताब्यात! आत्ता निघा, कुणाला फोटो काढू देऊ नका!" मास्तरांची छाती दोन इंच फुगली. सगळ्यांना रांगेत लावून त्यांनी असं काही पळवलं की मला हेवा वाटला.

मग भाऊजींना फोन लावला. "तुम्ही त्या मुलीला काय सांगितलंत?"

"वहिनी, मी फक्त..."

"सहा जण येताहेत. त्यांना मोजा, काठावरच्या दीपगृहापाशी चहा पाजा. आम्हाला न्यायला संध्याकाळी मठाची होडी सुटेल, साडेपाचला. आणि आज रात्री जेवायला आमच्याकडे येऊ नका."

"वहिनी, म्हातारबाबांचे डोळे..."

"माहीत आहे मला," म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांच्यावर नीट रागावताही येईना.

सभागृहाला समुद्राकडे एक अरुंद खिडकी आहे. मी तिथे उभी राहिले. माझे सहा पाहुणे पलीकडच्या काठाला लागलेले दिसले, सहाही. आणि मग मी जे पाहिलं ते सतरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळेला मी नेहमी पळत असते. पाणी लाटेसारखं आलं नाही. ते दोन्ही बाजूंनी, आवाज न करता, वाळूवरून पुढे सरकत आलं. डबकी एकमेकांना मिळाली. वाटेच्या दोन्ही कडांशी पाणी थांबलं, जणू परवानगी मागत होतं, आणि मग मधोमध कुठेतरी डावं पाणी उजव्या पाण्याला भेटलं. इतकं मोठं काहीतरी इतक्या शांतपणे होतं! मी हात जोडणाऱ्यांतली बाई नाही. तरी माझे हात कधी जुळले ते मला कळलं नाही.

"गेली का वाट?" अप्पांनी जमिनीवरूनच विचारलं.

"गेली."

"माझ्यामुळे तुमच्यावर बोल येईल."

"येईल," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू. "दिसलं का तुम्हाला छत?"

"दिसतंय हळूहळू. हा चिरा बघायचा तर त्या कोपऱ्याकडे बघावं लागतं. एकेक करून बघतोय. सत्तर झाले." त्यांनी मान दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवली. "पण खालून काही कळत नाही, बाई. लोखंड घातलं असेल तर ते वरून घातलं असेल. खालून खरं आणि खोटं सारखंच दिसतं."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. घाई नव्हती, आयुष्यात पहिल्यांदा ह्या खोलीत मला घाई नव्हती. मग त्यांनी आपणहून सांगितलं, छताकडे तोंड करूनच.

"माझे बाबाही पाथरवट. ऐन तारुण्यात इथे वरच्या भिंतीच्या दुरुस्तीला आले होते. मला लहानपणापासून सांगायचे, असं एक छत आहे, सपाट, नुसत्या दगडाचं, लोखंडाचा एक खिळा नाही. मी बावीस वर्षांचा झालो, शहरातल्या मोठ्या कारखान्यात दोन वर्षं शिकून आलो. शिंगं फुटलेली. जेवणाच्या सुट्टीत चाळीस माणसं बसली होती, बाबा तीच गोष्ट सांगायला लागले. मी म्हटलं, बाबा, दगड हवेत तरंगत नाहीत. लोकांना किती थापा माराल? सगळे हसले."

"आणि ते?"

"तेही हसले. सगळ्यांबरोबर हसले. पण त्यानंतर अकरा वर्षं जगले, आणि मला दगडातली एक गोष्ट शिकवली नाही. विचारलं की म्हणायचे, तुला माहीतच असेल."

मुलगी आमच्याकडे बघत होती. हे तिलाही नवीन होतं, हे दिसत होतं.

"इतकी वर्षं का नाही आलात, अप्पा?" तिनं विचारलं. "चार तासांचा तर रस्ता आहे."

"खरं निघालं असतं तर?" ते म्हणाले.

चारी बाजूंनी समुद्राचा आवाज वाढला होता. तेवढ्यात मठाचा रखवालदार चहाची किटली घेऊन आला. पन्नाशीचा, किडकिडीत, चाव्यांचा जुडगा कमरेला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "राहू द्या हो. भरतीनं अडवलेलं माणूस मठाचं. जुना नियम आहे. पर्यटकांना चार खोल्या, अडकलेल्याला सगळा मठ. काय हवं-नको ते सांगा."

मी आणि मुलगी, दोघींनी एकदमच म्हटलं, "वरची खोली."

त्यानं जुडग्यातून एक किल्ली शोधली. ती शोधायलाच त्याला वेळ लागला.

वर एक रिकामी, उंच खोली होती. दोन खिडक्यांतून समुद्राचा उजेड आत आला होता आणि भिंतींवर हलत होता. जमीन म्हणजेच खालचं छत. रखवालदारानं झाडू फिरवला, धूळ गेली, आणि मी दारातच उभी राहिले. खालून जे नुसते चौकोन दिसायचे, त्यांची इथे वीण होती. चटई विणावी तसे दगड विणलेले. एक आडवा, एक उभा, एक वर, एक खाली, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

अप्पा गुडघ्यांवर बसले, मग हातांवर. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. मान वाकडी करून, नजर भलतीकडे ठेवून, बोटांनी प्रत्येक सांधा चाचपत ते पुढे सरकू लागले. त्यांना मदत करायला मुलगी पुढे झाली तर त्यांनी हातानंच थांबवलं. जिथे भिंत सुरू होते तिथे त्यांनी नखानं उकरून पाहिलं, जीभ लावून पाहिली. गंज असेल तर चवीला कळतो, म्हणाले. चारी भिंतींशी चाखून पाहिलं. तासभर लागला असेल. मी सोळा-सतराशे वेळा ह्या छताविषयी बोलले असेन, आणि आज पहिल्यांदा त्याच्यापुढे गप्प होते.

शेवटी ते खोलीच्या मध्यात बसले, गुडघे चोळत.

"बाई, इकडे या. हा चिरा बघा. दोन बाजूंनी वर रुंद, दोन बाजूंनी खाली रुंद. म्हणजे हा दोघांच्या खांद्यावर बसलाय, आणि दोघं ह्याच्या खांद्यावर. ह्याला पडायचं असेल तर शेजाऱ्यांना ढकलावं लागेल. ते त्यांच्या शेजाऱ्यांवर. असं करत करत भिंतीपर्यंत. कुणी एकटा पडूच शकत नाही." त्यांनी चिऱ्यावर तळहात ठेवला. "वजन वाढेल तसे हे एकमेकांना जास्त घट्ट धरतात. माझ्या उभ्या आयुष्यात मला हे सुचलं नसतं. ज्यानं केलं तो माणूस होता ना? माणसानंच केलं ना हे?"

पायाखालच्या दगडांकडे बघायचीही छाती होईना आणि नजरही हटेना. दगड इतका शहाणा असू शकतो!

"लोखंड?" मुलीनं विचारलं.

"नाही," अप्पा म्हणाले. "एक खिळा नाही."

ते उठले. चेहरा असा, की आनंद झालाय की काय झालंय ते मला ओळखता येईना. "तुम्ही तिघं इथेच थांबा. मी खाली जातो."

"मी येते, अप्पा."

"नको. तू इथेच हवीस."

भिंतीला हात लावून ते एकटेच जिना उतरले. आम्ही त्यांची पावलं ऐकत राहिलो. पावलं सभागृहात शिरली, बरोबर आमच्या पायांखाली आली आणि थांबली. मग जिन्यातून आवाज आला.

"उड्या मारा!"

रखवालदार माझ्याकडे बघू लागला. मी मुलीकडे.

"काय बघताय एकमेकांकडे? मारा! मध्यावर, माझ्या डोक्यावर मारा!"

मीच आधी मारली. पंच्याहत्तर किलो आठशे वर्षांच्या दगडावर पडले आणि दगडानं नुसता हुंकार दिला. मग मुलीनं मारली. मग रखवालदारानं चाव्यांचा जुडगा हातात घट्ट धरला आणि तोही लागला. पन्नाशीच्या आसपासची तीन माणसं, समुद्राच्या मधोमध एका खोलीत, लहान पोरांसारखी धडाधडा उड्या मारत होतो. खालून अप्पांचं हसू ऐकू आलं, मोठं, मोकळं.

मग हसू थांबलं.

"बाबा," खालून हाक आली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जावी तशी. "बाबा!"

मुलगी उडी मारता मारता थांबली. तिचे डोळे भरून आले होते. जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिनं विचारलं, "अप्पा, येऊ का मी खाली?"

"नको," ते म्हणाले. "थांबू नका."

आम्ही तिघं पुन्हा उड्या मारू लागलो.